ठळक गॉथिक अक्षर : त्याची घडण आणि धर्मग्रामातील त्याचा उपयोग

बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र, प्रथम कम्युनियनचे स्मृतिपत्र, लग्नाची आमंत्रणपत्रिका, नव्या प्रार्थनागृहाची पाटी किंवा सणाचा मोठा फलक, यांपैकी काहीही करून घ्यावयाचे ठरले की छापखानेवाला आपल्यापुढे अक्षरांचे नमुने ठेवतो. आणि काम ख्रिस्ती लोकांचे आहे असे कळताच त्याचे बोट बहुधा एकाच नमुन्यावर जाऊन थांबते. काळेभोर, टोकेरी, दाट बांधणीचे असे ते इंग्रजी अक्षर असते. 'हे चर्चचे अक्षर', असे तो विश्वासाने सांगतो. कॅटेकिस्टबंधूंनाही ते पटते, कारण जुन्या पवित्र शास्त्राच्या मुखपृष्ठावर आणि गोऱ्या साहेबांच्या काळातील स्मृतिफलकांवर त्यांनी ते पाहिलेले असते.

हे अक्षर खरोखर चर्चचे आहे काय, असल्यास कोणत्या अर्थाने, आणि भेस्तानसारख्या वस्तीत, जेथे एकाच गल्लीत मराठी, गुजराती, हिंदी आणि उडिया वाचणारी माणसे शेजारी राहतात, तेथे ते कोठवर चालवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम नावाविषयी. इंग्रज मुद्रक या अक्षरास 'ब्लॅकलेटर' म्हणतात, म्हणजे काळे अक्षर. संगणकावर ते बहुधा 'ओल्ड इंग्लिश' या नावाने सापडते. 'गॉथिक' हे नाव इटलीतील मानवतावादी पंडितांच्या तुच्छतेतून आले. प्राचीन रोमन वळणाची गोडी लागलेल्या त्या विद्वानांना हे उत्तरेकडचे टोकदार लेखन रानटी गॉथ टोळ्यांना शोभणारे वाटले. वस्तुतः गॉथ लोकांचा या अक्षराशी काडीचाही संबंध नाही. (जाता जाता एक सूचना : अमेरिकन मुद्रकांच्या बोलीत 'गॉथिक' म्हणजे याच्या अगदी उलट, बिनफाट्याचे साधे अक्षर. तेव्हा छापखान्यात नुसते 'गॉथिक' म्हणून काम नोंदवू नये.)

या अक्षराची घडण समजण्यास लेखणीपासून सुरुवात केली पाहिजे. बाराव्या शतकापासून उत्तर युरोपातील मठांत आणि विद्यापीठांत रुंद टोकाच्या पिसाने ग्रंथ लिहिले जात. पीस तिरके धरून सरळ खाली ओढले की जाड दांडी उमटते, आणि दांडीच्या डोक्याशी व पायाशी पत्त्यांतील चौकटीसारखा लहानसा तुकडा राहतो. गोलाई जवळजवळ नाहीच; जेथे वळण हवे तेथे रेघ मोडून कोन केला जातो. जर्मन भाषेतील 'फ्राक्टुर' या नावाचा अर्थच मुळी मोडलेले अक्षर असा आहे. आपल्या पोथ्या लिहिणारे बोरू वापरीत. बोरूचे टोकही रुंदच, पण त्याची छाट उलट बाजूस तिरकी. म्हणून रोमन अक्षरात जी तिरपी रेघ बारीक होते ती देवनागरीत जाड होते. दोन्ही लिप्या लेखणीच्याच लेकी, मात्र एकीने वळण जपले आणि दुसरीने ते मोडले.

या वळणाचा सर्वांत भारदस्त प्रकार म्हणजे 'टेक्स्टुरा'. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ वीण. ज्या पानावर हे अक्षर भरून लिहिलेले आहे ते दुरून पाहिले तर काळ्यापांढऱ्या उभ्या धाग्यांचे कापड विणल्यासारखे दिसते, कारण दांडीची जाडी आणि दोन दांड्यांमधील पोकळी जवळजवळ सारखी ठेवलेली असते. भेस्तान, उधना, पांडेसरा या भागांत यंत्रमागावर उभे राहणाऱ्या आमच्या बांधवांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ताण्याचे धागे सारख्या अंतरावर बसले की कापड देखणे होते. पण त्यातला एखादा धागा वेगळा ओळखून दाखवा म्हटले तर डोळे शिणतात. हेच या अक्षराचे सौंदर्य आणि हाच त्याचा दोष. लॅटिनमधील 'मिनिमुम' हा शब्द टेक्स्टुरात लिहिला की पंधरा सारख्या उभ्या दांड्या ओळीने उभ्या राहतात. त्यांतली कोणती कोणत्या अक्षराची, हे मोजूनच ठरवावे लागते. इंग्रजी 'आय' या अक्षराच्या डोक्यावर आज जो टिंब आपण देतो तो अशाच अडचणीतून आला : दांड्यांच्या गर्दीत ते एकुलते अक्षर हरवू नये म्हणून लेखक त्यावर खूण करू लागले.

दक्षिण युरोपात याच अक्षराचा थोडा गोलसर 'रोटुंडा' प्रकार चालला; जर्मन भूमीत पुढे 'श्वाबाखर' आणि 'फ्राक्टुर' हे प्रकार रूढ झाले. त्यांच्या बारकाव्यांत येथे शिरण्याचे कारण नाही.

गुटेनबर्गने माइन्झ येथे १४५५ च्या सुमारास लॅटिन बायबल छापले ते याच टेक्स्टुरात. त्याने खिळे ओतले ते हस्तलिखिताची हुबेहूब नक्कल करण्यासाठी. लहान अक्षरे, मोठी अक्षरे, जोडलेली अक्षरे आणि संक्षेपाच्या खुणा मिळून त्याच्या पेटीत सुमारे २९० प्रकारचे खिळे होते. देवनागरी जोडाक्षरांची पेटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या संख्येचे नवल वाटणार नाही. सुमारे १८० प्रती त्याने काढल्या. पहिल्या काही पानांवर स्तंभात ४० ओळी आहेत, पुढे ४१, आणि नंतर ४२. कागद व चामडे वाचावे म्हणून ओळी दाटवीत नेलेल्या दिसतात. दाट अक्षर ही केवळ शोभा नव्हती, त्यात काटकसरही होती.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून अधिक बोधक ग्रंथ म्हणजे १४५७ साली माइन्झमध्येच फुस्ट आणि शॉफर यांनी छापलेले स्तोत्रग्रंथाचे पुस्तक. त्यातील अक्षरे फार मोठी आणि ठसठशीत आहेत, कारण गायनवृंदातील अनेकांनी उभे राहून, मेणबत्तीच्या उजेडात, एकाच ग्रंथाकडे दुरून पाहावे अशी योजना होती. ठळक गॉथिक अक्षर चर्चमध्ये आले ते या कामासाठी. मात्र ते पाहणारे कोण होते? ज्यांनी दीडशे स्तोत्रे वर्षानुवर्षे आठवड्याला एकदा म्हणून मुखोद्गत केली होती असे मठवासी. त्यांना प्रत्येक अक्षर वाचावयाचे नव्हतेच; ओळीच्या आरंभीची खूण दिसली की पुढचे ओठांवर येई. ज्याला मजकूर आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी हे अक्षर उत्तम आहे. ज्याला तो प्रथमच कळावयाचा आहे त्याचे काय, हा प्रश्न त्या काळी त्या ग्रंथापुढे नव्हता. आपल्यापुढे तो रोज असतो.

लूथरच्या काळात हा प्रश्न पुढे आला. त्याचा जर्मन नवा करार १५२२ च्या सप्टेंबरात विटेनबर्ग येथे श्वाबाखर अक्षरात निघाला, आणि १५२९ च्या आरंभी त्याचा लहान प्रश्नोत्तरसंग्रह प्रथम भिंतीवर लावण्याच्या तक्त्यांच्या रूपात छापला गेला. धर्मशिक्षकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : घरात लावण्याचा धर्मशिक्षणाचा तक्ता ही कल्पना आपल्या काळची नाही. ते तक्तेही काळ्या अक्षरातलेच, परंतु जर्मन शेतकऱ्याच्या मुलाने अक्षरे गिरवली तीच ती होती. त्याला ती प्राचीन, गूढ वा पवित्र वाटत नव्हती, नित्याची वाटत होती.

इंग्लंडात याच शतकात अक्षरांची विभागणी झाली. १५६० चे जिनीव्हा बायबल आटोपशीर आकारात, साध्या रोमन अक्षरात निघाले आणि घरोघरी वाचले गेले. १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने सिद्ध झालेले बायबल मोठ्या आकारात, काळ्या अक्षरात छापले, कारण ते चर्चमधील वाचनपीठावर ठेवावयाचे होते. त्यात एक मौज आहे. मूळ भाषेत नसलेले पण अर्थासाठी घातलेले शब्द तेथे लहान रोमन अक्षरात दिले आहेत. म्हणजे देवाचे शब्द काळे आणि भाषांतरकाराचे साधे! येथूनच काळे अक्षर म्हणजे पवित्र अक्षर ही समजूत लोकांच्या मनात मुरली असावी, असे आम्हास वाटते. मात्र काळाने निकाल दिला तो उलटा. रोजच्या वाचनासाठी इंग्रजी भाषिकांनी रोमन अक्षर पत्करले आणि काळे अक्षर हळूहळू शीर्षकापुरते, सनदांपुरते आणि थडग्यांपुरते उरले.

आज छापखानेवाला जे अक्षर दाखवितो ते मठातील नव्हे, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज ओतारींनी जाहिरातींसाठी अतिजाड अक्षरे ओतली. त्या लाटेत गॉथिक अक्षरही फुगवले गेले. दांड्या जाड झाल्या आणि आतील पोकळ्या सुईच्या नेढ्याएवढ्या राहिल्या. असे अक्षर एका शब्दापुरते, मोठ्या आकारात, लक्ष वेधण्यासाठी असते. न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, लंडनचा डेली टेलिग्राफ यांची नावे आजही पहिल्या पानाच्या माथ्यावर गॉथिक अक्षरातच छापली जातात. ती कोणी वाचीत नाही. ओळखीच्या माणसाचा चेहरा ओळखावा तशी ओळखतो. खालची बातमी मात्र साध्या अक्षरात असते.

श्रद्धेने या अक्षराची सेवा करणारेही झाले. ऑफेनबाख येथील क्लिंगस्पोर ओतशाळेतील रुडोल्फ कोख (१८७६-१९३४) हा निष्ठावंत ख्रिस्ती कारागीर होता. १९१० च्या सुमारास त्याचे जाड जर्मन अक्षर प्रसिद्ध झाले, आणि १९२६ साली त्याने आपल्या दुसऱ्या एका गॉथिक अक्षरात चारही शुभवर्तमाने छापविली. ते पान पाहिले की अक्षर हीही एक प्रार्थना असू शकते हे कबूल करावे लागते. परंतु कोखच्या अखेरच्या दिवसांतच त्याच्या देशात हिटलरची सत्ता आली, आणि 'टानेनबर्ग' यासारखी लष्करी शिस्तीची, सजावट झाडून टाकलेली ठळक गॉथिक अक्षरे फलकांवर झळकू लागली. बर्लिनच्या काही भूमिगत रेल्वेस्थानकांत ती आजही भिंतींवर आहेत. राष्ट्राचे अक्षर म्हणून ती मिरवली गेली. मग ३ जानेवारी १९४१ रोजी त्याच सत्तेने परिपत्रक काढून गॉथिक अक्षर बंद केले आणि कारण दिले ते असे की श्वाबाखर ही यहुदी लोकांची अक्षरे होत. हे कारण धडधडीत खोटे होते. जिंकलेल्या देशांतील लोकांना ती अक्षरे वाचता येत नव्हती, ही खरी अडचण मानली जाते. त्या परिपत्रकाचे शीर्षकच गॉथिक अक्षरात छापलेले होते, हा इतिहासाचा विनोद. एका निरपराध समाजाविरुद्धचे असत्य अक्षरांच्या डोक्यावरही कसे लादले जाते, याचे हे उदाहरण धर्मशिक्षकांनी विसरू नये. आजच्या तरुणाला तर हे अक्षर गोंदणात, कर्कश रॉक संगीताच्या वेष्टनांवर आणि सुरतेच्या बाजारातील बनियनांवर भेटते. त्याला ते चर्चचे अक्षर आहे असे सांगितले तर तो हसेल.

आता आपल्या भूमीकडे वळू. गोव्यात १५५६ साली छापखाना आला, पण मराठी खिळे आले नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला लिहिलेल्या पत्रात येथील लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा कळविली होती. सहाशेपर्यंत जाणारी खिळ्यांची संख्या दोनशेपर्यंत आणता येईल, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. ती इच्छा पुरी झाली नाही, आणि १६१६ साली रायतूर येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरात. ज्यांच्यासाठी सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या त्यांच्या नित्याच्या लिपीत त्या छापल्या जाव्यात, ही तळमळ आम्हास त्या ग्रंथाइतकीच आदरणीय वाटते. सुरतेची कथाही अशीच आहे. येथील व्यापारी भीमजी पारेख यांच्या मागणीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक पाठविला. त्याला छापणे येत होते, पण अक्षरे कोरणे येत नव्हते. भीमजींच्या माणसांनी स्वतः देशी अक्षरे घडविण्याची खटपट केली. पुढे लंडन मिशनरी सोसायटीच्या मंडळींनी १८२० च्या सुमारास गुजराती नवा करार याच शहरात छापला, तेव्हा कोठे सुरतेच्या माणसाला शुभवर्तमान त्याच्या अक्षरात हाती मिळाले.

भेस्तानला जी मराठी कुटुंबे येतात त्यांतील पुष्कळशी नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूंची. तापी खोऱ्यातील रेल्वेने उधन्याला उतरावे आणि कामाच्या जवळ खोली पाहावी, हा परिपाठ. त्यांची मुले कोणी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत, कोणी गुजराती तर कोणी हिंदी शाळेत जातात. या कुटुंबांपाशी बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र असते ते गावाकडच्या धर्मग्रामाचे. ते शाळेत दाखवावे लागते. लग्नाच्या वेळी दुसऱ्या धर्मग्रामात द्यावे लागते. विवाह झाल्यावर त्याची नोंद पुन्हा मूळ बाप्तिस्मा-नोंदवहीत व्हावी लागते, असा १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा ५३५ वा नियम आहे. म्हणजे हा कागद नेहमी परक्या माणसाच्या हाती जातो. ज्याला त्या घराची काहीच माहिती नाही अशा कारकुनाला तो अक्षरशः वाचावा लागतो.

आमच्या पाहण्यात आलेली एक गोष्ट येथे नमूद करतो. वसावे आडनावाच्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीचे प्रमाणपत्र दुसरीकडून छापून आलेले होते, आणि त्यात शीर्षकच नव्हे तर मुलीचे, आईबापांचे व धर्ममातापित्यांचे नावही ठळक गॉथिक अक्षरात होते. या अक्षरात मोठा 'व्ही' बंदिस्त आणि पोटाळ असतो. एका कार्यालयातील कारकुनाने तो 'बी' वाचला आणि दाखल्यावर 'बसावे' लिहिले. आधारकार्डाशी नाव जुळेना. प्रतिज्ञापत्र, खेपा आणि चौकशा यांत बापाचे तीन खाडे पडले, आणि यंत्रमागावर खाड्याचा पगार मिळत नाही. कारकुनाचा दोष म्हणता येत नाही. त्या अक्षरात 'आय' आणि 'जे' यांची मोठी रूपे तर एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की जुन्या मुद्रकांनी ती वेगळी मानलीच नव्हती. त्यातून त्या कागदाची झेरॉक्स काढली की आतील बारीक पोकळ्या शाईने भरतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की नाव म्हणजे काळा डागच उरतो.

दुसरा धोका देवनागरीचा. अलीकडे काही फलक रंगविणारे व संगणकावर अक्षरे जुळविणारे मराठीलाही गॉथिक कपडे चढवितात : गोलाई मोडतात, टोके काढतात, शिरोरेघेचे तुकडे करतात. त्यांचा हेतू शोभेचा असतो, पण देवनागरीत शिरोरेघ ही शोभा नाही. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील भेद मुख्यतः शिरोरेघ उघडी आहे की जोडलेली, यावर दिसतो. ती हवी तेथे मोडली की 'घन' चे 'धन' होते आणि 'मजूर' नेमका कोण हे कळेनासे होते. 'ख' ची दोन अंगे दाट अक्षरात जरा फाकली की 'रव' वाचले जाते. नुकतेच वाचू लागलेल्या प्रौढाला, किंवा घरी मराठी पण शाळेत गुजराती शिकणाऱ्या आणि म्हणून शिरोरेघेशी फारशी सलगी नसलेल्या मुलाला, असे अक्षर म्हणजे बंद दारच. व्हॅटिकन महासभेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात धर्मविधी सुबोध असावेत, त्यांत उदात्त साधेपणा असावा आणि पवित्र कलेत डामडौलापेक्षा सौंदर्य शोधावे, असे जे सुचविले आहे ते पाटीवरच्या अक्षराला लागू होत नाही असे मानण्यास आम्हास आधार दिसत नाही.

याचा अर्थ हे अक्षर टाकून द्यावे असा नाही. प्रमाणपत्राच्या माथ्यावर एक शब्द, स्मृतिपत्रावर वर्षाच्या वरची एक ओळ, इंग्रजी वाचनाच्या आरंभी एक मोठे लाल अक्षर, इतक्या जागी ते खरोखर शोभते. जुन्या मिस्साग्रंथांची आठवण देते, आणि वाचकाचे काही अडत नाही. मात्र ते मोठ्या आकारातच असावे, आणि सगळी मोठी अक्षरे एकापुढे एक लावून त्यात शब्द कधीच जुळवू नये. ती रूपे एकेकटी उभी राहण्यासाठीच घडविलेली आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे गॉथिक अक्षर फ्लेक्सवर छापविण्याचा मोह छापखानेवाला घालील. रंग पसरून बारीक पोकळ्या तेथे आधी बुजतात.

नावे, तारखा, स्थळ आणि नोंदवहीचा क्रमांक साध्या अक्षरात असावेत, यात आम्ही कोणतीही सवलत देऊ इच्छीत नाही. भेस्तानसारख्या ठिकाणी नाव देवनागरीत, गुजरातीत आणि साध्या इंग्रजीत असे तिन्ही प्रकारे द्यावे; जागा थोडी अधिक लागेल, पण कोणाचा खाडा पडणार नाही. प्रार्थनागृहाच्या पाटीचा नमुना पक्का करण्यापूर्वी तो भिंतीला टेकवून वस्तीतल्या तिसरी-चौथीच्या एखाद्या मुलाला, शक्यतो ख्रिस्ती नसलेल्या घरच्या, वीस पावलांवरून वाचावयास सांगावे. तो अडखळला तर छापखानेवाल्याला दुसरा नमुना काढावयास सांगावे, आणि पहिल्याचे पैसे द्यावे लागले तरी ते द्यावेत.